जपानला एकटीने जायचंय: देवळं आणि शाकाहारी जेवण, दोन्ही कसं जमवावं?

मंदाकिनी_सांगली

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जपानला जायचं ठरतंय. एकटीच. ह्यांना विमानात तासन्‌तास बसवत नाही, आणि मुलाचं म्हणणं, "आई, एखाद्या टूर कंपनीबरोबर जा, रोज वरणभात मिळेल." वरणभात मला सांगलीतही मिळतो.

हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहे. बौद्ध धर्म चीन, कोरिया करत जपानला पोचला, हे वाक्य वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. पोचल्यावर पुढे त्याचं काय झालं ते बघायचंय. तोक्यो, क्योतो, नारा एवढंच सध्या डोक्यात आहे. व्हिसा-तिकिटं मुलगा बघतोय, त्यामुळे ते सोडून विचारते.

मी शाकाहारी, अंडं चालतं, मासे अजिबात नाहीत. कांदा-लसणाचं काही नाही. यूट्यूबवर एक मुलगा क्योतोमध्ये एका दिवसात सात देवळं करतो, तसं मला झेपणार नाही आणि करायचंही नाही. मग निवडायची कुठली? जेवणाचं काय? आणि हसू नका, पण बाईमाणूस एकटं हॉटेलात जेवायला बसलं तर लोक बघत बसतात का?

माळकरी_चाकण

मंदाताई, रामकृष्णहरी.

आधी मनातली अर्धी देवळं खोडा, मग बोलू.

मी चाकणला एका जपानी मालकीच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. अधूनमधून ट्रेनिंगला नागोयाकडे पाठवतात, ते संपलं की रजा जोडून एकटाच भटकतो. गळ्यात माळ आहे, त्यामुळे मासा-मटण सोडाच, अंडंही नाही. तरी उपाशी झोपायची वेळ आलेली नाही. एकादशीला भाजलेलं रताळं. थंडीत ते तिथे सुपरमार्केटच्या दाराशीच गरमागरम मिळतं, तुम्हीही लक्षात ठेवा.

तिथला दिवस घड्याळावर चालतो आणि गोची तिथेच होते. बहुतेक देवळं चार ते पाचच्या दरम्यान बंद, आणि शेवटचा प्रवेश त्याच्या अर्धा तास आधी. छोटी हॉटेलं दुपारी साडेअकराला उघडतात, दोन-अडीचला शटर खाली, ती पुन्हा संध्याकाळी. सात देवळं करणारा तो मुलगा दुपारचं जेवण सोडून ती करतो. आपण शाकाहारी माणसांनी ते सोडलं की रात्री हातात बिस्किटाचा पुडा. म्हणून माझा हिशोब असा: सकाळी एक देऊळ पोटभर बघायचं, दुपारचं जेवण त्याच आवारात किंवा चालत जाण्याजोगं, मग पायांत जोर उरला तर दुसरं. देऊळ निवडताना जेवण बघायचं आणि जेवण निवडताना देऊळ. हे दोन प्रश्न वेगळे ठेवलेत की दोन्हीकडे हाल.

खाण्यातली खरी अडचण दिसत नाही, ती पाण्यात असते. दाशी म्हणतात त्याला. कात्सुओ म्हणजे कुप्याच्या जातीचा मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक करतात आणि रंध्यावर किसतात. त्या किसाचं पाणी म्हणजे दाशी. मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं, सूप, उदोन नावाच्या जाड शेवयांचा रस्सा, सोबा शेवयांबरोबरची बुडवणी, भाज्यांची उकड, सगळ्यात तेच. तुम्ही "व्हेजिटेरियन" म्हणालात की वाढणारा मनापासून मान डोलावतो आणि वरचा मांसाचा तुकडा काढून आणतो. पाणी तेच राहतं. त्याला फसवायचं नसतं, माशाचं पाणी म्हणजे मासा हा हिशोबच त्याच्या डोक्यात नसतो. तेव्हा जपानीत छापलेला कागद जवळ ठेवा: मांस नाही, मासा नाही, कात्सुओ-दाशी नाही, अंडं चालेल. आमच्या ऑफिसातल्या एका बाईंनी मला तो लिहून दिला आणि शेवटी एक ओळ स्वतःहून घातली, की जमत नसेल तर खुशाल नाही म्हणा, मी रागावणार नाही. त्या ओळीने काम केलं. तिथल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं संकट वाटतं, कागदानेच परवानगी दिली की तो मोकळा होतो.

कागद न दाखवता निर्धास्त जेवायचं असेल तर शोजिन र्योरी, म्हणजे भिक्षूंचं जेवण. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही, रस्सा कोंबू नावाच्या समुद्री पाल्याचा नाहीतर मशरूमचा. क्योतोमध्ये आराशियामाच्या तेन्र्युजी देवळात शिगेत्सू म्हणून आहे, दाइतोकुजीच्या आवारात इझुसेन आहे. स्वस्त नाही. पण ती दोन ताटं तुमच्या दोन दुपारी सोडवतात. नानझेनजीजवळ युदोफूची हॉटेलं आहेत, कोंबूच्या पाण्यात गरम केलेलं तोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर. तिथेही बुडवायला जी वाटी देतात तिच्यात दाशी असू शकते. साधा शोयू, म्हणजे सोया सॉस, मागून घ्या.

आता देवळं. तुम्ही इतिहासाच्या बाई आहात म्हणून सोन्याच्या किंकाकुजीच्या आधी मी सांजुसांगेन्दो घेईन. सुमारे १२० मीटर लांब लाकडी सभामंडप. मधोमध बसलेला सहस्रभुज अवलोकितेश्वर, दोन्ही हातांना पाचपाचशे उभे, सगळे मिळून १००१. मूळ देऊळ ११६४चं, आगीनंतर पुन्हा बांधलं ते १२६६मध्ये. लोक त्या हजारांकडे बघत चालतात. तुम्ही पुढची रांग बघा. तिथे २८ रक्षक देव उभे आहेत आणि त्यांतले बरेच आपल्या ओळखीचे. ब्रह्मा, इंद्र, कुबेराचं एक रूप. गरुड तर चक्क बासरी वाजवतोय. वसू नावाचा ऋषी आहे, हाडकुळा म्हातारा, हातात काठी. दोन टोकांना वारा आणि वीज, वाऱ्याच्या खांद्यावर हवेने फुगलेली पिशवी. मी त्या म्हाताऱ्यासमोर बराच वेळ थांबलो होतो. लाकडाचे डोळे असे कोरलेत की माणूस आत्ता काहीतरी मागेल असं वाटतं. आत फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे.

दुसरं तोजी. क्योतो स्टेशनहून किनतेत्सू लाइनने एकच स्टेशन. पाच मजली पॅगोडा सुमारे ५५ मीटर, लाकडी पॅगोड्यांत जपानमधला सगळ्यात उंच. पण खरा माल कोदो नावाच्या सभागृहात, २१ मूर्तींचा मंडल, कुकाई या आचार्याने मांडलेला. इंद्र हत्तीवर बसलाय. ब्रह्मदेवाचं आसन चार हंसांनी उचललंय. आपल्याकडे ब्रह्मदेवाला देऊळ मिळायची मारामार, आणि तिथे तो नवव्या शतकापासून हंसांवर निवांत बसून आहे. दर महिन्याच्या २१ तारखेला तोजीच्या आवारात कुकाईच्या नावाने मोठा बाजार भरतो, जुने किमोनो, भांडी, लोणची, खाऊ. तुमच्या तारखांत २१ नोव्हेंबर बसत असेल तर क्योतो तेव्हाच ठेवा.

फुशिमी इनारी या डोंगरावरच्या देवस्थानाला रात्रंदिवस फाटक नाही आणि तिकीटही नाही. सगळे दहा वाजता जातात. तुम्ही सकाळी साडेसहाला जा, अर्ध्या डोंगरावरून परत फिरा, काही बिघडत नाही. आराशियामाच्या बांबूच्या वाटेसाठी मात्र मी वेगळा वेळ काढणार नाही. तेन्र्युजीच्या मागच्या दाराने बाहेर पडलात की ती आपसूक होते.

आणि क्योतोच्या उत्तरेला इमामिया देवस्थान आहे, दाइतोकुजीपासून चालत. त्याच्या दाराशी रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन दुकानं, दोघांकडे एकच पदार्थ, आबुरी-मोची. एक दुकान इ.स. १००० पासूनचं म्हणून सांगतात. अंगठ्याच्या पेराएवढा भाताच्या पिठाचा गोळा चिरलेल्या बांबूच्या काडीला टोचलेला, त्याला भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, अगदी फुटाण्याच्या पिठासारखं लागतं ते. बाई कोळशावर काड्यांचा जुडगा धरते, टोकं काळी पडेपर्यंत, मग गोडसर पांढऱ्या मिसोत बुडवून समोर ठेवते. चहा बरोबर येतो. मासा नाही, अंडं नाही. दोन दुकानांतलं चांगलं कुठलं यावर तिथे वाद आहेत, मी दोन्हीकडे खाऊन तटस्थ आहे.

एकटीचं विचारलंत. दारात गेल्यावर एक बोट वर करा, तो काउंटरची खुर्ची दाखवतो. अर्धं जपान असंच एकटं जेवतं, मान खाली, वाटी तोंडाशी. कोणी ढुंकूनही बघत नाही.

अजून कोयासान राहिलं. त्याचं रात्री टंकतो, शिफ्ट आहे.

निशिकासाईची_कावेरी

वर माळकरी दादांनी बरंच सांगितलंय, मी तोक्योपुरती भर घालते. इथे निशिकासाईत राहते, आपल्या लोकांची वस्ती मोठी आहे, डाळ-पोहे-हिंग सगळं मिळतं. पण मंदाताई दोन आठवड्यांसाठी इथे कशाला याल, तसाही वरणभात नकोच आहे तुम्हाला :)

कोनबिनीत, म्हणजे चोवीस तासवाल्या दुकानांत, मिठाचा साधा ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, शोधा, शिओ-मुसुबी. उमेबोशीचा, खारवलेल्या आंबट फळाचा, बहुतेक वेळा चालतो, तरी पाकिटावर फोनचा कॅमेरा धरून भाषांतर वाचा. कोंबूचा दिसतो निष्पाप, आत बऱ्याचदा माशाचा अर्क. इनारी-झुशी बघून सगळे शाकाहारी खूश होतात, तळलेल्या तोफूची गोड पिशवी आणि आत भात, पण ती पिशवी शिजते दाशीत. तुम्हाला अंडं चालतं म्हणजे अंड्याचं सँडविच आहेच, आणि ते इथलं खरंच छान असतं. तोक्यो स्टेशनात तिकिटाच्या गेटच्या आत, केइयो लाइनच्या बाजूला टीज तानतान म्हणून रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांचं, दुकान आहे, पूर्ण शाकाहारी. क्योतोची गाडी पकडायच्या आधी तिथे खा.

आसाकुसाचं सेन्सोजी सगळे करतात, तुम्हीही कराल. गर्दी नको असेल तर रात्री जा, आतलं दार बंद असतं पण आवार उघडं आणि दिवे लागलेले. पण दिवसा तिथून दहा मिनिटं चालून मात्सुचियामा शोदेनला नक्की जा. तो आपला गणपती आहे. इथे त्याला कांगितेन किंवा शोतेन म्हणतात आणि नैवेद्याला चक्क मुळा! देवळातच मुळा विकत मिळतो, तो वाहायचा. भिंतींवर, पायऱ्यांवर जिकडेतिकडे मुळ्याची आणि पैशाच्या थैलीची चित्रं. मूर्ती मात्र दाखवत नाहीत, कायम झाकलेली असते, त्यामुळे दर्शनाची आस धरून जाऊ नका. वाहिलेले मुळे नंतर भक्तांना वाटायला ठेवतात. मला मिळाला तेव्हा घरी येऊन भाजी केली, पीठ पेरून. टेकडी छोटीशीच, वर जायला चिमुकला सरकता डबाही आहे, फुकट.

जेआर पास, म्हणजे पर्यटकांचा रेल्वेपास, घेऊ नका. ऑक्टोबर २०२३मध्ये सात दिवसांचा पास ५०,००० येन झाला, तोक्यो-क्योतो जाऊन येऊन तो वसूल होत नाही. साधं तिकीट आणि शहरात फिरायला सुइका, म्हणजे आधी पैसे भरायचं प्रवासाचं कार्ड.

वेंगुर्ल्याचो_बाबलो

मंदाताई, मनापासून माफी मागून सांगतो, जपानला जाऊन मासे खायचे नाहीत म्हणजे पंढरपुरापर्यंत जाऊन कळसाला नमस्कार करून परत फिरण्यातला प्रकार. साबा शिओयाकी म्हणून मिळतो, आपल्या बांगड्याचाच भाऊबंद, नुसतं मीठ लावून आगीवर. वर चिंच नाही, कोकम नाही, तिरफळ नाही. आईशप्पथ, मी आमच्या आईला फोन करून सांगितलं की मसाल्याशिवायही होतं. ती अजून बोलत नाही माझ्याशी.

असो, तुमच्या कामाचं एक: देवळात टाळ्या वाजवू नका. तोरी, म्हणजे ती लाल कमान असते ते शिंतो देवस्थान. तिथे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, हात जोडायचे, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध देवळात नुसते हात जोडायचे. मी नाऱ्यात बुद्धासमोर टाळ्या वाजवल्या, शेजारच्या आजी हसल्या.

माळकरी_चाकण

@बाबलो, कळसाचं दर्शनही पावतं हो, आषाढीला अर्धी वारी तेच करते. धागा शाकाहारी आहे, तिरफळं बाहेर ठेवा.

मंदाताई, कोयासान. तुमच्या यादीत नव्हतं, मी घालतोय, आणि एखादं शहर कमी करावं लागलं तरी घाला. कुकाई, ज्याला लोक कोबो दायशी म्हणतात, तो ८०४मध्ये चीनला गेला, तिथून शिंगोन पंथ घेऊन आला आणि ८१६मध्ये या डोंगरावर जागा मिळवून मठ उभा केला. उंची सुमारे ८०० मीटर, भोवती देवदारांसारखी उंच झाडं, गावात पन्नासच्या आसपास देवळं पाहुण्यांना ठेवून घेतात. शुकुबो म्हणतात. रात्रीचं आणि सकाळचं जेवण धरून माणशी पंधरा हजार येनच्या पुढे पडतं, एकट्याला थोडं जास्तच. काही ठिकाणी एकट्या माणसाला घेतच नाहीत, म्हणून आधी बुक करा.

ताटात गोमा-दोफू असणारच. नाव तोफूचं, सोयाबीन एक दाणा नाही. तीळ वाटून, गाळून, कुझू नावाच्या कंदाच्या सत्त्वाबरोबर घोटून वडी थापतात. लाखेच्या वाटीत पांढरट चौकोन, वर हिरव्या वसाबीचा ठिपका. जेवायच्या काडीने तोडायला गेलं की सहज तुटत नाही, लांबतो, मग एकदम सुटतो. तोंडात तीळ हळूहळू कळतो. शिवाय कोया-दोफू, गोठवून वाळवलेलं तोफू, या डोंगराच्या नावाचंच. रस शोषून घेतं आणि दाबलं की सोडतं.

पहाटे सहा-साडेसहाला प्रार्थना. काही देवळांत नंतर अग्नीचा विधी असतो, समिधा, तूपासारखं तेल, मंत्र. तुम्ही डोळे मिटलेत तर आळंदीच्या एखाद्या वाड्यात होम चाललाय असं वाटेल. मला वाटलं, धुराने डोळे चुरचुरले ते वेगळंच. मग ओकुनोइनला चाला. दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना दोन लाखांहून जास्त समाध्या, शेवाळ चढलेल्या. थडग्यांच्या दगडांवर आणि लाकडी फळ्यांवर सिद्धम या जुन्या भारतीय लिपीतली बीजाक्षरं दिसतील. नीट बघितलंत तर एखादं अक्षर ओळखीचं लागेल. शेवटच्या पुलाच्या पलीकडे फोटो नाही, टोपी काढायची.

शिंगोन पंथाची श्रद्धा अशी की कुकाई ८३५मध्ये वारला नाही, तिथेच समाधीत बसलाय. म्हणून त्याला आजही रोज दोनदा जेवण जातं, सकाळी सहाला आणि साडेदहाला. दोन भिक्षू पांढरी लाकडी पेटी खांद्यावर घेऊन पूल ओलांडतात, एक वडीलधारा पुढे चालतो. आधी पाकघराजवळच्या छोट्या देवळीत चव दाखवायची, मगच पुढे. मी साडेदहाचं बघितलं. माझ्या शेजारी शिकोकू बेटावरच्या ८८ देवळांची, सुमारे १२०० किलोमीटरची वारी पुरी करून आलेले एक आजोबा होते, पांढरा सदरा, हातात काठी. ती काठी म्हणजेच कोबो दायशी बरोबर चालतो असं ते मानतात, म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आधी काठीचं टोक धुतात. त्यांनी पेटीला हात जोडले, मीही जोडले. भाषेचा प्रश्नच आला नाही.

संत्रानगरी

कोयासानचं निघालंच आहे तर एक राहू नये: कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे. २०१५च्या सप्टेंबरमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. विद्यापीठ गावातच आहे, मुख्य रस्त्यापासून जवळ. आम्ही नागपूरची मंडळी गेलो तेव्हा फुलं कुठे मिळतात हे शोधण्यात सकाळ गेली, तुम्ही आधीच्या संध्याकाळी घेऊन ठेवा. आमच्याकडे उलटी वाटही आहेच, दीक्षाभूमीशी जोडलेले भदंत सुरई ससाई मूळचे जपानचे.

मंदाकिनी_सांगली

सगळ्यांचे आभार. धागा मुलाला वाचायला दिला, तो गप्प आहे, म्हणजे पटलंय.

किंकाकुजी खोडलं, कोयासान आणि मुळ्याचा गणपती घातला. २१ तारखेला तोजी. बाबलो, साबा खाणार नाही, पण तुमच्या आईची बाजू बरोबर आहे.

दोन शंका. नाऱ्याला काय बघू, एक दिवस पुरेल ना? आणि कोयासानला एक रात्र की दोन? थंडी किती असते?

माळकरी_चाकण

नारा क्योतोहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तोदाइजीचा मोठा बुद्ध बघा, कांस्याचा, सुमारे १५ मीटर. तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो: ७५२मध्ये त्याचे डोळे उघडण्याचा जो विधी झाला तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हातून. ७३६मध्ये तो जपानला पोचला होता. त्याने धरलेल्या कुंचल्याला लांब दोर बांधून जमलेल्यांनी तो धरला, म्हणजे बुद्धाच्या डोळ्यातली बाहुली रंगवण्यात सगळ्यांचा हात. तो कुंचला अजून नाऱ्याच्या शोसोइन भांडारात जपून ठेवलाय. तुमच्या फळ्यावरच्या वाक्याचा कर्ता तिथे सापडेल. हरणांना बिस्किटं द्यायची असतील तर पिशवी पाठीमागे धरा, ती कागदसुद्धा खातात. नाऱ्यात जेवणाची फारशी खात्री नाही, ओनिगिरी बरोबर न्या.

कोयासानला एक रात्र, पण दुपारी दोनच्या आत पोचा. रात्रीचं जेवण साडेपाच-सहालाच येतं, उशीर झाला तर थांबत नाहीत. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनहून नानकाई लाइन, गोकुराकुबाशीला उतरून दोरीची गाडी, वरून बस. त्या बसच्या रस्त्यावर पायी जाऊ देत नाहीत. मोठी बॅग नाम्बाच्या लॉकरमध्ये टाका, वर एक पिशवी पुरे.

थंडी नोव्हेंबरअखेर रात्री शून्याच्या आसपास जाते. खोलीत हीटर असतो, पण पहाटेच्या प्रार्थनेचं सभागृह आणि तिथवर जाणारा लाकडी व्हरांडा गार. जाड लोकरीचे मोजे दोन जोड घ्या. आणि बूट लेसचे नकोत, दिवसातून पंधरा वेळा काढायचे असतात.